कोणी न मागितलेली वही

आज सकाळी माझ्या वहीत पेन्सिलीचं अक्षर दिसलं. माझ्या मुलीला, मीराला, मी घरीच शिकवते. नोंदी ठेवा असं सांगणारा नियम नाही, तपासायलाही कोणी येत नाही. तरी उद्या कोणी विचारलंच तर, या धास्तीने मी रोज लिहिते. काल तिने पुस्तक उघडलंच नाही, तेव्हा मी चिडून लिहिलं होतं, ‘आज काहीच झालं नाही.’ त्याखाली तिने लिहिलंय, ‘झालं. मुंग्यांना साखर आणि गूळ ठेवला. गूळ आधी संपला. का ते माहीत नाही.’

वर्षभराच्या माझ्या नोंदींत तिला काय येतं तेवढंच आहे. तिला पडलेला प्रश्न एकही नाही.

“गूळच का गं, आई?”

“मलाही नाही माहीत,” म्हणत मी वही तिच्याकडे सरकवली.

तिने सावकाश लिहिलं, ‘आईलाही माहीत नाही. आज परत बघू.’