पंचेवाले साहेब

“शालू, अँब्युलन्स दिसतेय मला... पण ती पुढेच चाललीय गं!”

माझी थोरली बहीण नलूताई हे फोनवर सांगत होती तेव्हा मी हॉस्पिटलच्या वॉर्डात होते. कुवेतमधल्या त्यांच्या अबू हलीफा भागातल्या घरी फोनची वायर गॅलरीच्या दारापर्यंत पोचायची. तिथं उभं राहिलं की खालचा समुद्राकाठचा हमरस्ता लांबवर दिसतो. आत पलंगावर भाऊजी, म्हणजे तिचे यजमान मधुकरराव, घामाघूम होऊन पडले होते आणि खाली रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं अँब्युलन्स दिवा फिरवत त्यांच्या घरासमोरून निघून गेली. जाणार नाही तर काय करणार? रस्त्याच्या मधोमध दुभाजक, त्यावर जाळी, आणि वळायला जागा थेट पुढच्या उड्डाणपुलाखाली. तिथं वळून ती परत आली तोवर भाऊजी गेले होते.

आमचे डॉक्टर मला म्हणाले, सिस्टर, झटका मोठा होता, लवकर पोचले असते तरी फरक पडला नसता. असेल. मी इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत, डॉक्टर असं का म्हणतात हे मला कळतं. पण नंतर भेटायला येणारा जो तो मान हलवून म्हणायला लागला, “नियतीचा खेळ बघा, ज्यानं रस्ते आखले त्यालाच रस्ता आडवा आला!” आणि वर चहाचा घोट. ते ऐकून मला शिसारी आली. नियती कसली डोंबलाची? तो रस्ता नियतीनं नव्हता आखला. खुर्चीवर बसलेल्या माणसांनी आखला होता आणि एका माणसानं तो तसा आखू नका म्हणून बारा वर्षं जीव तोडून सांगितलं होतं. त्या माणसाबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे, पण लेखणीला राग चिकटलाय, त्याला माझा इलाज नाही.

मी कुवेतला आले तेव्हा सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं. भाऊजी माझ्या आधी आलेले. गावी असताना ते बांधकाम खात्यात होते, कोकणातले घाटरस्ते त्यांनी आखलेले. इथं एका सल्लागार कंपनीत रस्ते विभागात लागले. शहर तेव्हा हात-पाय पसरत होतं, म्हणजे अक्षरशः रोज. सुट्टीवरून परत यावं तर घराकडे जाणारा रस्ता दुसराच. काल जिथं मातीची जुनी घरं होती तिथं आज सपाट मैदान, आणि पुढच्या वर्षी तिथं पार्किंग. गोल चौक जाऊन उड्डाणपूल आले. होडीएवढ्या अमेरिकन गाड्या आणि त्या मावाव्यात म्हणून आणखी रुंद रस्ते. आम्हा सगळ्यांना त्याचं कोण कौतुक! भारतात पत्र लिहिताना आम्ही रस्त्यांचं वर्णन असं करायचो, जणू ते आमच्याच वडिलांनी बांधलेत.

भाऊजींना मात्र गाडीच चालवता येत नव्हती. लायसन्स मिळण्यासारखं होतं, त्यांनी ते काढलंच नाही. ऑफिसची गाडी न्यायची आणि आणायची, बाकी सगळीकडे पायी. खांद्यावर एक पांढरा पंचा, तो ऊन लागलं की डोक्यावर आणि धूळ उडाली की नाकातोंडाला. कुवेतमध्ये पायी चालणारा माणूस म्हणजे एकतर वेडा नाहीतर कफल्लक. ओळखीच्या गाड्या थांबायच्या, हे हात जोडून त्यांना पुढे पाठवायचे. मी मेहुणी, त्यामुळे चिडवायचा हक्क माझाच.

“भाऊजी, तुमचं म्हणजे पोहता न येणाऱ्यानं विहीर बांधल्यासारखं आहे.”

“अगं, विहीर पाणी पिणाऱ्यांसाठी असते. पोहणारे उगाच गढूळ करतात.”

त्यांचं एक तत्त्व होतं, कोकणातून आणलेलं. रस्ता आखायचा तर आधी पायवाट बघायची. नकाशा नंतर. माणसं आणि गुरं वर्षानुवर्षं जिथून जातात तिथून जाण्याला काहीतरी कारण असतं, ते कारण शोधायचं, मगच मोजणीची साखळी टाकायची. इथल्या वाळवंटात कसली पायवाट, असं आम्हाला वाटायचं. एकदा दोन दिवस धुळीचं वादळ चाललं होतं. ते रात्री थांबलं, सकाळी आम्ही बायका दारं-खिडक्या पुसत बसलो आणि भाऊजी पंचा घेऊन बाहेर. परत आले ते एवढे खूश, की काही सापडलं असावं. सगळी वाळू साफ, पाटी कोरी झाली होती म्हणे, आणि सकाळपर्यंत त्यावर पुन्हा नेमकी तीच वाट उमटली होती. घरामागच्या कामगारांच्या कॅम्पकडून निघून, भाऊजींच्याच इमारतीच्या कोपऱ्यावरून, थेट हमरस्त्यापर्यंत. “आणि पलीकडे पुन्हा सुरू होते, शालू! बसथांब्यापर्यंत. मधला डांबराचा पट्टा तेवढा कोरा. तिथं पाऊल उमटत नाही ना, म्हणून आमच्या ऑफिसला वाटतं तिथून कोणी जातच नाही.”

कॅम्पात सगळे कंत्राटावर आलेले एकटे पुरुष. सुतार, गवंडी, फिटर. पुष्कळसे आपल्या कोकणातले. मीना अल-अहमदी बंदराच्या बाजूला कामावर नेणारी बस पलीकडे थांबायची. पहाटे अंधारात जायचं, संध्याकाळी उतरून परत यायचं, आणि दोन्ही वेळा मध्ये तो रस्ता. त्यातलाच एक बाबी मेस्त्री, देवगडकडचा सुतार, एका संध्याकाळी आमच्या हाडांच्या वॉर्डात आला. गाडीनं उडवलेला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी घरी बोलले तर भाऊजी दुसऱ्या दिवशी हजर. पेशंटची चौकशी करायची तर हे त्याला विचारतायत, तू नेमका कुठून ओलांडत होतास? मला इतका संताप आला! पण बाबी सरळ उत्तर देत होता.

“थंयसूनच सगळे जातत, सायबानूं. कॅम्प ह्या अंगाक, बस त्या अंगाक. मगे आमी काय उडान जावचा?”

भाऊजींनी त्याचा डबा उघडून दिला, पाणी दिलं, आणि पुढे बाबी गावी परत जाईपर्यंत दर शुक्रवारी त्याच्याजवळ येऊन बसले. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. त्या वाटेवर पादचारी पूल हवा. साधा, लोखंडी, जिने असलेला. त्यांनी तो कागदावर काढला, खर्च मांडला, आणि ऑफिसात वर पाठवला.

त्यांचे वरचे साहेब आपलेच मराठी. नाव लिहीत नाही, लिहायची लायकी नाही. त्यांनी विचारलं, “मिस्टर, इथं चालतं कोण?” भाऊजी म्हणाले, मोजून बघा. मग मोजणी ठरली. आता ऐका आमच्या हुशार लोकांची मोजणी. ऐन उन्हाळा. ऑफिसची वेळ सकाळी ऑफिस उघडल्यापासून दुपारी सुटेपर्यंत, म्हणून मोजणीचीही वेळ तीच! काचा लावलेल्या थंड गाडीत दोघं जण कागद घेऊन बसले. डांबर वितळायच्या त्या उन्हात कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. कामगार तर पहाटेच पलीकडे गेलेले आणि यायचे संध्याकाळी. पादचाऱ्यांच्या रकान्यात शून्य लागलं. भाऊजींनी सांगितलं, पहाटे मोजा, संध्याकाळी मोजा. तर साहेब म्हणाले, त्या वेळी आपला स्टाफ ड्यूटीवर नसतो. शून्यावर सही झाली, पूल खलास. वर त्याच साहेबांनी उपाय काढला, की जाऊच नये कोणी म्हणून दुभाजकावर जाळी लावा. जाळी लागली. आठवडा गेला नाही तोवर कॅम्पातल्या कोणीतरी तिला नेमकं त्या वाटेवर भोक पाडलं. बुजवलं, पुन्हा पाडलं. आता रस्ता ओलांडायचा तो भोकातून वाकून, डबा सांभाळत, पलीकडून येणारी गाडी न दिसता.

पूल मात्र झाला बरं का! पुढे दोन-तीन वर्षांनी, तिथून कितीतरी लांब, समुद्रकाठच्या एका नव्या हॉटेलासमोर. रंगीत दिवे लावलेला, कठड्याला कुंड्या. हॉटेलात येणारे गाडीतून दारात उतरायचे, त्यामुळे त्या पुलावर मी आजतागायत एक माणूस पाहिलेला नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. उद्घाटनाच्या फोटोत आमचे साहेब हसतायत. भाऊजींनी तो फोटो बघितला, वर्तमानपत्राची घडी घातली आणि पंचा उचलून खाली गेले.

त्या संध्याकाळपासून ते भोकापाशी उभे राहायला लागले. बस आली, पंधरा-वीस माणसं उतरली, की हे दुभाजकावर उभे राहून पंचा उंच धरायचे, हलवायचे. गाड्या कर्कश ब्रेक लावायच्या, शिव्या द्यायच्या, पण थांबायच्या. माणसं वाकून भोकातून यायची. मग हे अलीकडच्या बाजूला पंचा धरायचे. सगळे पार झाले की खांद्यावर टाकून घरी. रोज. आजारी असले तरच चुकायचं. कॅम्पात त्यांना पंचेवाले साहेब म्हणायला लागले, प्रेमानं. आमच्या लोकांनी ते नाव उचललं आणि त्याची टिंगल केली. गणपतीच्या कार्यक्रमात एकानं तर खांद्यावर टॉवेल टाकून त्यांची नक्कल केली आणि अख्खा हॉल हसला. डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या दागिने घातलेल्या बायका. भाऊजीही हसले. नलूताई नाही हसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

खरं म्हणजे तिला त्यांच्या या उभं राहण्याचा मनापासून तिटकारा होता. टॅक्सीतून घरी परतताना ती मागच्या सीटवरून भडाभडा बोलली. “पोलीस आहात का तुम्ही? हमाल आहात? चांगली इंजिनिअरची बायको म्हणून आणलंत मला या देशात. उद्या मुदीरनं काढलं तर काय सांगू गावी शिकणाऱ्या मुलीला, बाबा काय करत होते?” मुदीर म्हणजे ऑफिसचा मुख्य, त्या साहेबांच्याही वरचा. त्यानं खरंच एकदा ताकीद दिलेली होती, आणि वरची जागा भाऊजींच्या हाताखालच्याला गेली होती. भाऊजींनी तिला बोलू दिलं. मग म्हणाले, “नले, पूल मला बांधता आला नाही. निदान जिना तरी होतो रोज थोडा वेळ...” ती खिडकीबाहेर बघत बसली. गॅलरीतून तो रस्ता दिसायचा, पण त्या वेळी ती गॅलरीचं दार लावून घ्यायची.

शोकसभा सालमियातल्या एका मोठ्या घरी झाली. नलूताई तेव्हा भाऊजींचं पार्थिव घेऊन भारतात गेलेली, बरंच झालं. अध्यक्ष कोण? तेच साहेब. “कुवेतच्या रस्त्यांवर मधुकररावांच्या आठवणी सदैव धावत राहतील,” म्हणाले. धावत! जन्मात जो माणूस धावला नाही, नुसता चालला, त्याच्या आठवणी धावणार. ज्यांनी नक्कल पाहून टाळ्या दिल्या होत्या त्यांनी डोळे पुसले. मग सामोसे आले. मी तशीच उठले. बाहेर गाड्या अशा लावलेल्या, की पायी चालणाऱ्याला फाटकातून निघायला जागा नव्हती. तिरपी होऊन, साडी आवरत, मी बाहेर पडले.

दिवसवार आटोपून नलूताई घर आवरायला परत आली. नवऱ्याच्या नावावरचा तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आता थोड्याच दिवसांचा. परवा मी ड्यूटी संपवून तिला मदत करायला गेले. दार नुसतं लोटलेलं. पेट्या अर्धवट भरलेल्या, भाऊजींचे कपडे कुणाकुणाला द्यायचे म्हणून ढीग घातलेले. हाका मारल्या, उत्तर नाही. गॅलरीचं दार मात्र सताड उघडं होतं. ज्या दोरीवर त्यांचा पंचा वाळत असे ती दोरी रिकामी.

मी खाली वाकून बघितलं. दुभाजकावर, जाळीच्या भोकापाशी, माझी बहीण उभी होती. पांढरी वॉयलची साडी खोचलेली, एका हातानं जाळी धरलेली आणि दुसऱ्या हातात पंचा. तिचा हात त्यांच्याएवढा उंच जात नव्हता. एक मोठी गाडी हॉर्न देत सरळ निघून गेली, ती मागे सरली, मी वरून किंचाळले. तिला काय ऐकू येणार! तिनं पुन्हा पंचा वर केला. दुसरी गाडी थांबली, मग तिच्या मागची. माणसं एकेक करून वाकून आली. तिच्यासमोरून जाताना त्यांनी डोक्यावरची फडकी काढली.

ती वर आली तेव्हा धापा टाकत होती. माझ्याशी बोलायच्या आधी मोरीत गेली, पंचा साबणानं धुतला, पिळला, झटकला आणि दोरीवर टाकून त्याची टोकं ओढून सारखी केली.

“बाईमाणूस बघून आधी थांबतच नव्हते मेले,” ती म्हणाली. “आता थांबतात.”

“ताई, तू गेल्यावर?”

ती खाली बसून पेटी भरायला लागली. शर्ट भरले, चष्मा भरला, कोट भरला. सगळं भरून पेटी बंद केली. पंचा तिनं भरला नाही.

माझी ड्यूटी तीनला सुटते. बस संध्याकाळी येते.