तीन माणसे आणि एक ओक

"थांबा. त्याला बोलू द्या."

एवढे म्हणून आमचे हे ऑफिसातले स्नेही समोरच्या लाकडावर बोटाच्या पेराने तीनदा ठोकीत, कान लावीत आणि डोळे मिटून उभे राहत. मग ते लाकूड झाडाचे असो, ऑफिसच्या दाराचे असो किंवा कँटीनमधल्या खुर्चीचे. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना त्यांनी सौभाग्यवतींचा पुण्याहून आणलेला पोळपाटही ठोकून पाहिला. कान काढला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हा फार दिवस टिकणार नाही." त्याच महिन्यात पोळपाटाला उभी चीर गेली.

"अहो," सौभाग्यवतींनी मला बजावले, "तुमच्या मित्राला सांगून ठेवा. पुन्हा आले तर माझ्या स्वयंपाकघरात कशालाही कान लावायचा नाही. आणि माणसांना तर मुळीच नाही."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. खात्यात पंचवीस वर्षे काढलेला, सर्वांच्या ओळखीचा, आणि तरीही घरी गेल्यावर काय करतो हे कोणालाच ठाऊक नसलेला. फरक इतकाच, की या माणसाविषयी आज पुष्कळ लोक सर्व काही ठाऊक असल्यासारखे बोलतात, आणि त्यांचे एकही वाक्य मला मान्य नाही.

एक हकिकत आपल्या इथल्या, इंग्लंडातल्या मराठी मंडळात फिरते. दिवाळीच्या जेवणात कोणी ना कोणी दरवर्षी सांगतो, की एक गोरा म्हातारा रानात जादूटोणा करायचा आणि एके दिवशी झाडाने त्याला खाल्ले. सांगणारे त्या दिवशी तिथे नव्हते. बहुतेक जण तेव्हा या देशातही नव्हते. दुसरी हकिकत अधिक घातक, कारण ती छापलेली आहे. त्या गृहस्थांनी स्थापन केलेल्या ड्रुइड मंडळाने मध्यंतरी एक गुळगुळीत पुस्तिका काढली. ड्रुइड म्हणजे रोमन लोक येण्यापूर्वीचे इथले पुरोहित. त्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवले नाही, त्यामुळे आजच्या ड्रुइडांना लिहायला पुष्कळ मोकळीक मिळते. पुस्तिकेत म्हटले आहे, की सूर्योदयाच्या वेळी सात साधक एका प्राचीन ओक वृक्षाखाली जमले आणि त्यांतल्या एकाने पूर्वेचे गूढ ज्ञान आणले.

तो एक म्हणजे मी. मी आणले ते एक थर्मास आणि एक ताडपत्री. सात जण नव्हते. तीन माणसे होती आणि एक ओक होता. वेळ सूर्योदयाची नव्हती. मंगळवारची दुपारची जेवणाची सुट्टी होती आणि पाऊस भुरभुरत होता.

नॉटिंगहॅमपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावी आम्ही कौन्सिलच्या उद्यान खात्यात होतो. ते वृक्षनिरीक्षक, मी नकाशे काढणारा. लाकडी हातोडा घेऊन ते झाडामागून झाड ठोकीत जात. आवाज भरीव आला तर वहीत 'ठीक' लिहीत. पोकळ आला तर बुंध्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देत, आणि आठवड्याभरात करवतवाले येत. वहीतली पाने माझ्याकडे येत. मी नकाशावर हिरवे किंवा लाल वर्तुळ काढी. त्यांनी ऐकायचे आणि मी रंगवायचे, असे आमचे काम ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बिनबोभाट चालले होते.

एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "मिस्टर मॅप, मी इतकी झाडं मारली, पण एकालाही निरोपाचा शब्द बोललो नाही." मिस्टर मॅप हे माझे नाव नव्हे. माझे आडनाव त्यांच्या जिभेला झेपत नसे, आणि मीही ते शिकवण्याच्या भानगडीत पडलो नव्हतो.

मी त्यांना आमच्या कोकणातल्या देवराईविषयी सांगितले. गावाशेजारी देवाच्या नावाने सोडलेले रान. तिथे कुऱ्हाड चालत नाही, वाळकी काडीही कोणी उचलत नाही.

"वाळकी काडीही नाही?"

"काडीही नाही."

"आणि झाड आतून किडलं तर?"

"तर ते आपलं आपण पडतं," मी मोठ्या अभिमानाने म्हणालो.

पूर्वेचे गूढ ज्ञान म्हणून जे काही आहे, ते एवढेच. ते मी दिले हे मला नाकारता येत नाही.

तिसरे माणूस डोरीन. ती हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या वॉर्डासमोरच्या बीचच्या झाडावर त्यांनी पिवळा ठिपका दिला, तेव्हा ती ऑफिसात भांडायला आली. "तुम्हाला लाज वाटत नाही?" तिने विचारले. "वाटते," ते म्हणाले. "मंगळवारी बारा वाजता मोकळ्या आहात का?" अशा रीतीने एका मंडळाची स्थापना झाली.

विधी त्यांनीच रचला. जे करायचे ते भर दुपारी, "सूर्याच्या डोळ्यांदेखत", हा त्यांचा हट्ट. माळावरच्या जुन्या ओकला उत्तर दिशा मानून मी होकायंत्राने वर्तुळ आखले. दक्षिण डोरीनची, पूर्व त्यांची स्वतःची. "पश्चिम तुमची, मिस्टर मॅप. तिथं चिखल असतो, आणि बरे बूट तुमच्याकडेच आहेत." मग मध्यभागी उभे राहून ते एकेका दिशेला विचारीत, "इथं शांतता आहे का?" त्या दिशेच्या माणसाने मनात पाहून खरे उत्तर द्यायचे. शेवटी ते ओकपाशी जात, हातोड्याने तीनदा ठोकीत, कान लावीत आणि ओकच्या वतीने सांगत, "आहे." कोणत्याही दिशेने 'नाही' आले, तर विधी होणार नाही, सर्वांनी घरी जायचे.

हा नियम शोभेचा नव्हता. दुसऱ्याच वर्षी डोरीन 'नाही' म्हणाली. सकाळी बहिणीशी तिचे कडाक्याचे भांडण झाले होते. "बरं," ते म्हणाले, "चला, चहा घेऊ." आम्ही थर्मास उचलला आणि परतलो. वाटेत ते मला म्हणाले, "आजचा विधी सगळ्यांत चांगला झाला."

घरी हे सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "ओकला शांतता विचारता, आणि घरच्या तुळशीला कधी पाणी घातलंत का?" काही प्रश्नांना उत्तर न देणेच बरे, असे मला त्या काळी वाटत असे.

पुढे माणसे वाढली. नव्वदच्या दशकात आम्ही तीसच्या घरात गेलो. पांढरे झगे आले, पताका आल्या. "आमच्या हॉस्पिटलच्या चादरी यापेक्षा बऱ्या," असे डोरीन माझ्या कानात पुटपुटली. पुस्तिका लिहिणारे गृहस्थ याच लाटेत आले. बोलायला गोड, लिहायला त्याहून गोड.

आणि याच सुमारास मी पश्चिमेकडून एक गोष्ट पाहिली, जी दुसऱ्या कोणाला दिसण्यासारखी नव्हती. ओकच्या पायथ्याशी, माझ्या बाजूला, कपाटाच्या फळीसारखी तपकिरी बुरशी फुटली होती, आतून कुजणाऱ्या झाडाला फुटते ती. पुढच्या वेळी ती नव्हती; चाकूने खरवडल्याची ताजी खूण तेवढी होती. त्यानंतर ती पुन्हा आली, अधिक रुंद. पुन्हा खरवडली गेली. त्याच वर्षापासून त्यांनी ओकला ठोकणे बंद केले. नुसता तळहात बुंध्यावर ठेवीत आणि चटकन म्हणत, "आहे." कान लावीत नसत.

ज्याने सौभाग्यवतींचा पोळपाट सोडला नाही, तो माणूस त्या एका झाडाला बोलू देत नव्हता.

ऑफिसात मी विषय काढला. "वहीतलं ओकचं पान आलं नाही."

"हिरवाच ठेवा."

"तपासलात?"

"मिस्टर मॅप," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमच्या देवराईत तपासतात का?"

मी वर्तुळ हिरवेच ठेवले. दोन वर्षे ठेवले.

मग एका रविवारी मी एकटाच माळावर गेलो आणि थर्मासच्या झाकणाने बुंध्यावर तीनदा ठोकले. मला त्यांच्यासारखा कान नाही. परंतु रिकाम्या पिंपाचा आवाज ओळखायला कान लागत नाही. सोमवारी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"तो पोकळ आहे."

"ठाऊक आहे."

"मग ठिपका?"

त्यांनी टेबलावर ठोकण्यासाठी बोट उचलले आणि तसेच खाली ठेवले. "जूनमधला, वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस येतोय. तेवढा होऊ द्या. त्यानंतर ठिपका मीच लावीन. दुसऱ्या कोणाच्या हातून नको." थोड्या वेळाने म्हणाले, "तोवर कोणाला सांगू नका."

मी शब्द दिला. तो देताना मला आपण फार मोठे मित्र आहोत असे वाटले, हेही लिहून ठेवतो.

तो दिवस आला. पुस्तिका म्हणते, की त्या दिवशी गूढ वारा सुटला होता. साफ खोटे. पान हलत नव्हते. उकाडा असा, की झग्यातल्या मंडळींना घाम फुटला होता. भर उन्हाळ्यात वारा पडलेला असताना जुने ओक आपोआप फांदी टाकतात, हे त्यांनीच मला एकदा शिकवले होते. पुस्तिका असेही म्हणते, की ओकभोवती पावित्र्याची दोरी बांधली होती. ती दोरी आमच्या खात्याच्या गोदामातली होती. धोक्याच्या झाडाभोवती बांधतात ती. सकाळी त्यांनी ती स्वतः बांधली आणि सर्वांना पायवाटेच्या पलीकडे उभे केले. मलाही. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्या पायांखाली चिखल नव्हता.

बारा वाजले. ते मध्यभागी आले. खांद्याला कामाची पिशवी होती; विधीला ते ती कधी आणीत नसत.

"दक्षिणेला शांतता आहे का?"

"आहे," डोरीन म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हते.

ते माझ्याकडे वळले. "पश्चिमेला शांतता आहे का?"

आणि थांबले. एरवी ते उत्तरासाठी क्षणभर थांबत. त्या दिवशी ते इतके थांबले, की मागे कोणीतरी खाकरले. त्यांचे डोळे माझ्यावर होते. एखाद्या बुंध्याला कान लावल्यावर त्यांचा चेहरा जसा होई, तसाच तेव्हा होता. मी 'नाही' म्हटले असते, तर नियमाप्रमाणे तीस माणसे घरी गेली असती. ते ओककडे गेले नसते. मला हे त्या क्षणी कळत होते. मागाहून सुचलेले नाही. परंतु पांढऱ्या झग्यांतली तीस माणसे पाहत होती, आणि त्यांच्या सोहळ्यावर पाणी ओतणारा एकटा काळा माणूस मला व्हायचे नव्हते.

"आहे," मी म्हणालो. खणखणीत आवाजात म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पूर्वेचे उत्तर स्वतःच दिले, दोरी ओलांडली, ओकपाशी गेले. पिशवीतून हातोडा काढला. दोन वर्षांत प्रथमच त्यांनी त्या झाडाला ठोकले. एक, दोन, तीन. तो पोकळ आवाज पायवाटेपलीकडे सर्वांना ऐकू आला. त्यांनी बुंध्याला कान लावला आणि डोळे मिटले. ओकने काय सांगितले ते त्यांनी आम्हाला कळवायचे होते. वरून आधी एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला, आणि मग त्यांच्या डोक्यावरची मोठी फांदी खाली आली, सबंध, पानांसकट.

डोरीन सर्वांत आधी धावली. फडके मिळेल म्हणून तिने त्यांची पिशवी उघडली. आत पिवळ्या रंगाचा नवा डबा होता आणि कोरा ब्रश. रंगाची तिथे काहीच गरज उरली नव्हती. तिने पिशवी मिटली आणि माझ्याकडे पाहिले.

म्हणून सांगतो. 'वृक्षाने आपल्या पुत्राला बोलावून घेतले' असे पुस्तिका म्हणते. ज्याला बोलावणे आलेले असते, तो रंगाचा डबा घेऊन जात नाही. ते मरायला गेले नव्हते. ते काम करायला गेले होते. दोन वर्षे चुकवलेले काम, तेही सर्वांसमोर, सूर्याच्या डोळ्यांदेखत. आणि त्याआधी त्यांनी एका माणसाला, मला, ते 'नाही' त्यांच्या वतीने बोलून टाकण्याची संधी दिली होती.

पुस्तिकेत माझे ते 'आहे' ठळक अक्षरांत छापले आहे. 'पश्चिमेने निःशंकपणे उत्तर दिले.' मी मंडळाला पत्र लिहून कळवले, की ते उत्तर खोटे होते, कृपया दुरुस्ती छापावी. त्यांचे नम्र उत्तर आले: आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. त्यांचा विधी अजून चालतो म्हणे. आता चारही दिशांची उत्तरे सर्व जण एका सुरात देतात. 'नाही' म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी डोरीनचा फोन आला. आम्ही दोघे माळावर गेलो. ओक कापून नेला होता. बुंधा जेवणाच्या टेबलाएवढा, मध्ये काळे भोक. मी थर्मास खाली ठेवला आणि पश्चिमेला, जुन्या चिखलात जाऊन उभा राहिलो. ती मध्यभागी आली.

"पश्चिमेला शांतता आहे का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "चला, चहा घेऊ."

तेव्हापासून आम्ही दरवर्षी जातो. डोरीन आता काठी टेकत येते, आणि माळ चढताना मलाही दोनदा थांबावे लागते. ती विचारते. मी मनात पाहतो, खरे उत्तर देतो, आणि आम्ही परत फिरतो. विधी अजून एकदाही सुरू झालेला नाही.