सोडलेला जिताडा

"आपण सोडायचं नाही. तो निघेल तेव्हा निघेल."

काका हे म्हणायचे तेव्हा गुडघ्यांवर बसलेले असायचे. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि हातांवर गळाला झुंजून दमलेला मासा. त्याला ते मुठीत कधी धरायचे नाहीत. हात खाली, बोटं सैल. माशाचे कल्ले हळूहळू उघडमीट करायला लागायचे, अंगात जीव यायचा, मग शेपटीचा एक फटका आणि काकांचे हात रिकामे. ते चेहऱ्यावरचं पाणी पुसून माझ्याकडे असे बघायचे की जणू मासा त्यांना थँक यू म्हणून गेलाय.

इथे परदेशात, क्लेमेंटीच्या वस्तीत राहिला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. रविवारी सकाळी बसच्या रांगेत पांढरी टोपी, खांद्यावर रॉडची लांब पिशवी, खिशात पकड. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला, आणि सुट्टीला जायचा पुन्हा पाण्याकडेच. चार स्टॉपवर जलाशय, तिथे मासे धरायला परवानगी असलेला एक काठ. धरलेला मासा घरी न्यायलाही तिथे कोणाची हरकत नव्हती. हरकत फक्त काकांची होती.

मी त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेतली होती. ऑफिस वन-नॉर्थला, माणूस पुण्याचं, खाणं शाकाहारी. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "माशांच्या वासाचं चालेल ना गं तुला?" मी म्हटलं, चालेल. चालत नव्हतं, पण स्टेशन जवळ होतं. पुढे तो वास आला नाही की घरात काहीतरी बिनसलंय असं मला वाटायला लागलं.

दोघंही अलिबागकडचे. काकूंचा हात माशाला असा होता की शेजारची चिनी आजी वाटी घेऊन दारात उभी राहायची. आणि गंमत बघा, नवरा दर रविवारी मासे धरायला जाणार आणि काकू दर रविवारी पिशवी घेऊन मासळीबाजारात.

"आमच्याकडे मासे धरणारा आहे, म्हणून विकत आणावे लागतात," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. काका पेपरमागून हसायचे.

हे खूळ आलं स्कॉटलंडहून. त्यांची बोट तिकडे दुरुस्तीला लागली होती तेव्हा गोदीतला एक इंजिनिअर त्यांना नदीवर सॅमन धरायला घेऊन गेला. त्या नदीचा नियम असा की धरलेला प्रत्येक सॅमन परत पाण्यात सोडायचा. ते मासे समुद्रातून आपल्या जन्माच्या नदीत अंडी घालायला येतात, आणि येणारेच कमी झालेत. काकांनी पहिला मासा ओढून काठावर घेतला, तर नदीवरच्या म्हाताऱ्या वाटाड्याने त्यांचं मनगट धरून माशासकट हात पाण्यात घातले आणि कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले.

"तेव्हा मला कळलं," काका म्हणायचे, "की धरणं सोपं असतं."

इथे परत येऊन त्यांनी तोच नियम स्वतःला लावला. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही. फोटो नाही, वजन नाही.

मी शाकाहारी असल्यामुळे मला वाद घालायचा हक्क आहे असं मला वाटायचं. "खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला त्रास कशाला? घरी झोपा की."

"विचार, विचार," काकू आतून.

"तुझं बरोबर आहे," काका म्हणायचे. आणि पुढच्या रविवारी टोपी घालून बसच्या रांगेत.

मग काकू आजारी पडल्या. पोटाचा आजार होता, आणि कळायला उशीर झाला. औषधांनी तोंडाची चव गेली. पेज नको, सूप नको. शेजारच्या आजीने केलेली काँजीही दोन चमच्यांत परत जायची. काका डबे उघडून समोर ठेवायचे आणि बंद करून आत न्यायचे.

एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही धरलेला मासा एकदा खायला घाला. इतक्या वर्षांत एकही नाही खाल्ला मी."

त्या हसत म्हणाल्या होत्या. काका हसले नाहीत. "घालतो," म्हणाले.

एरवी मी कधीमधी आपणहून जायचे; दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला बरोबर घेतलं. म्हणाले खांदा दुखतोय, पिशवी धरायला चल. मला वाटतं त्यांना एकट्याने जायचं नव्हतं. दोन तास गळाला काही लागलं नाही, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मग रॉड वाकला. असा वाकला की काका दोन पावलं पुढे ओढले गेले. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला, चांदीसारखा चकाकला. जिताडा! अलिबागच्या माणसाला याहून मोठं काय हवं?

त्यांनी त्याला काठाशी आणला, गुडघ्यांवर बसले, गळ काढला. कापडी पिशवी मी उघडून धरली होती. काकांनी पिशवीकडे बघितलं, माशाकडे बघितलं. हात पाण्यातच होते. खाली, सैल. मी मनात म्हणत होते, घ्या ना हो वर, काकूंसाठी घ्या. आणि दुसरं मन म्हणत होतं, नका घेऊ. शेपटीचा फटका बसला, पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"निसटला," काका म्हणाले.

मी पिशवीची घडी घातली. निसटणं कसं असतं ते मी पाहिलं होतं, आणि हे निसटणं नव्हतं. ते उठले तेव्हा डोळे लाल होते. "बाजारात जाऊ," म्हणाले.

बाजारात त्यांनी तेवढ्याच मापाचा जिताडा निवडला. गाळ्यावरची बाई सवयीने सुरी उचलून म्हणाली, "अंकल, क्लीन फॉर यू, ah?"

"नो, नो! डोन्ट टच!" काका इतक्या जोरात ओरडले की ती म्हणाली, "Okay lah, okay lah, your fish!"

मग आमच्या ब्लॉकखालच्या दगडी बाकावर बसून या माणसाने, ज्याने जन्मात लॉगबुकात एक आकडा खोटा लिहिला नव्हता, त्या मेलेल्या माशाच्या ओठाला आपल्या गळाने भोक पाडलं. अंगावरचा बर्फ रुमालाने पुसला. बाटलीत भरून आणलेलं जलाशयाचं पाणी वर शिंपडलं. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली.

"तू काही बघितलं नाहीस," ते मला म्हणाले.

"मला माशातलं काय कळतंय," मी म्हटलं.

काकू कित्येक दिवसांनी स्वयंपाकघरात आल्या. स्टूल घेऊन बसल्या, विळी मागितली. ओठाचं भोक त्यांनी बोटाने चाचपलं आणि "अगं बाई, खरंच की" म्हणाल्या. बाहेर काकांनी श्वास सोडला तो मला आतपर्यंत ऐकू आला. मग काकूंनी पोट चिरलं, आणि त्यांचा हात थांबला.

"बघ," त्या मला हळूच म्हणाल्या. आत पांढरी चरबी होती, थरावर थर. "हा पोसलेला आहे. आमच्याकडे तळ्यात पोसतात ना, त्यांच्या पोटात अशीच असते. स्वतः शिकार करून खाणाऱ्या जिताड्याला कुठली एवढी चरबी?"

माझा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं.

"सोडला ना त्यांनी?"

मी मान डोलावली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हसत होत्या. "बरं झालं बाई. मागितला खरा, पण तेव्हापासून घोर लागला होता, खरंच मारून आणतात की काय. मला तो घास गिळला नसता. आता बोलू नकोस त्यांच्याजवळ. कौतुकाने आणलाय." मी वचन दिलं. मग काकू मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, किती ताजा आहे हो!"

त्या दुपारी काकू जेवल्या. मागून घेऊन जेवल्या. "कसा लागला, सांगा ना," असं विचारून त्यांनी काकांकडून झुंजीची सगळी हकिगत काढून घेतली. रॉड कसा वाकला, मासा दोनदा कसा उसळला. काकांनी सगळं खरं सांगितलं, शेवट सोडून.

महिन्याभरात काकू गेल्या. हॉस्पिटलात शेवटचे दोन दिवस काकांनी त्यांचा हात आपल्या तळहातावर ठेवला होता. खाली, बोटं सैल. मला ते बघवलं नाही, मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

त्यानंतर रॉड भिंतीला टेकलेला राहिला. रविवारी काका टोपी घालायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे. एकदा डाळ वाढताना म्हणाले, "तिने जन्मात माझ्याकडे एकच मासा मागितला. मी तिला खोटा खायला घातला." मी ताटातली डाळ भातात कालवत राहिले. वचन काकूंना दिलं होतं, आणि गेलेल्या माणसाला दिलेलं वचन मोडायला धीर होत नाही. पण ते वाळत चालले होते.

वर्ष सरलं आणि त्यांनी गावी परत जायचं ठरवलं. फ्लॅटमध्ये मी राहणार होते. निघायच्या सकाळी आम्ही त्याच दगडी बाकावर टॅक्सीची वाट बघत होतो. दोन बॅगा, रॉडची पिशवी नाही. म्हणाले, ती वरच राहू दे, कोणी मागितली तर देऊन टाक.

मग मला राहवलं नाही. "काका, काकूंना माहीत होतं. तुम्ही सोडलात ते. बरं झालं म्हणाल्या. खूश होत्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी इंजिनिअरच बोलला. "शक्य नाही. कशावरून?"

"पोटात चरबी होती."

"पोटात," ते म्हणाले. "पोट मी कधी बघितलंच नाही गं. आयुष्यात एका माशाचं नाही."

टॅक्सी आली. ड्रायव्हरने बॅगा ठेवल्या. काका आत बसले, काच खाली केली आणि एकदम म्हणाले, "तरीच."

"काय तरीच?"

"दुसऱ्यांदा वाढून घेताना माझ्याकडे बघून हसली होती. मला वाटलं, मासा आवडला म्हणून हसतेय." त्यांचा चेहरा ओला झाला होता आणि त्यांनी तो पुसला नाही. "तरीच हसत होती."

टॅक्सी हलली. मी वर आले, रॉडची पिशवी उचलली आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवली.