आंब्यावरचा भारद्वाज

थंडीची चाहूल लागली की पनवेलच्या आमच्या परसात पाखरं वाढतात. यंदा मात्र अतीच झाली. बुलबुल, साळुंक्या, तांबट. आणि एरवी महिन्यातून एखाद्या वेळी दिसणारा भारद्वाज रोज सकाळी कुंपणालगतच्या आंब्यावर. त्याचं दर्शन शुभ, म्हणून मी चहाचा कप बाजूला ठेवून रोज हात जोडायचो.

परसाची झाडलोट करायला डोंगराकडच्या वाडीवरून एक बाई येते. माझा नमस्कार बघून ती एकदा झाडू टेकवून उभी राहिली.

"शुभ कसला, दादा. वाडीमागचं रान तोडलं आमच्या. पाखरं जातील कुठं?"

मला रागच आला. सकाळी सकाळी असलं कशाला बोलायचं? तरी विचारलं, "सगळंच तोडलं?"

"एक झाड ठेवलं नाय. आधी माणसं येऊन खोडांवर लाल आकडे टाकून गेली. मग आठ दिवसांत मशीन आली."

मी आंब्याकडे पाहिलं. भारद्वाज फांदीवर बसला होता. खाली खोडावर परवापासून लाल रंगात सतरा लिहिलेलं होतं. क्रिकेटचा स्कोअर समजून त्यावरून मी गल्लीतल्या पोरांना शिव्याही घालून आलो होतो.