लिहिलंय कुठे?

अमेरिकेत शुगर लँडला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना पुराव्याशिवाय कोणतेही विधान पचत नसे. कारल्याच्या रसाने साखर उतरते असे कोणी म्हणाले, की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "लिहिलंय कुठे?" निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासलेल्या बाईचा हा प्रश्न होता. मला पीएचडीला प्रवेश मिळाल्याचा फोन आला तेव्हाही त्या म्हणाल्या, "पत्र येऊ दे, मग पेढे." मी विज्ञानाकडे वळले, त्याचे निम्मे कारण हा प्रश्न.

रोहन त्यांचा एकुलता एक मुलगा. सक्तीची लष्करभरती, म्हणजे ड्राफ्ट, कधी झालीच तर, म्हणून इथल्या मुलांना अठराव्या वर्षी नाव नोंदवावे लागते. त्यानेही नोंदवले, त्या नोंदणीचे कार्ड काकूंनी लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवले. पुढे त्याला स्वखुशीने सैन्यात जायचे होते. दोन महिने भांडून काकूंनी त्याला शहराच्या पोलीस दलावर राजी केले. मराठी मंडळाच्या पार्किंगमध्ये त्यांना कोणीतरी सांगितले होते, "ड्राफ्ट आला तरी पोलिसांना नेत नाहीत." त्या वेळी मात्र चष्मा कपाळावर गेला नाही.

मग तो उन्हाळा आला. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या, मंडळाच्या ग्रुपवर ड्राफ्टच्या अफवा. रोहन तेवीस वर्षांचा होता. मी सुटीत घरी आले होते. त्याच्या गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करता करता काकू म्हणाल्या, "आमच्या रोहनची काळजी नाही. पोलीस आहे तो."

त्यांनी मला काही विचारले नव्हते. तरी मी फोनवर शोधले.

"काकू, ड्राफ्ट सध्या नाहीच. पण उद्या आला, तर पोलिसांना आपोआप सूट नाही."

कायद्याचे पान उघडून मी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. तो आला नाही. इस्त्री कॉलरवर तशीच थांबली. करपल्याचा वास आला तेव्हा ती मीच उचलली.

दारात रोहन उभा होता, हातात गाडीची किल्ली. "यू टोल्ड हर?"

"तुला ठाऊक होतं?" काकूंनी विचारले.

"आय रेड इट बिफोर द पोलीस अकॅडमी."

"मग मला का नाही बोललास?"

"तू विचारलंच नाहीस, आई."

एवढेच वाक्य तो मराठीत बोलला.

त्यानंतर काकूंचा तो प्रश्न बंद झाला. मंडळात कोणी काहीही ठोकून दिले तरी त्या नुसती मान डोलावत. माझ्या प्रबंधाच्या निष्कर्षांनाही त्यांनी तशीच मान डोलावली, आणि मला ती कौतुकाची वाटली नाही.

गेल्या महिन्यात, मी नोकरीच्या गावी, बॉथेलला लॅबमध्ये असताना त्यांचा फोन आला.

"रोहनला आज सव्वीस पूर्ण झाली. आता नेत नाहीत म्हणे."

"नाही नेत. आधी सूट मिळालेल्यांनाच पस्तिशीपर्यंत धरतात. पोलीस म्हणून त्याला सूट नव्हती, म्हणूनच तो सुटला, काकू."

पलीकडे चष्म्याची काडी फोनला घासल्याचा आवाज आला.

"लिहिलंय कुठे?" काकूंनी दरडावून विचारले.