शिगोशीग

आमची आत्या कारखान्यात मुकादम होती. "वर बोटभर जागा सोडा गं!" एवढं एकच वाक्य ओरडून तिने डबे भरणाऱ्या बायकांचे कान किटवले. आणि ही कोण? जिचा हात जन्मात कधी आखडला नाही ती! दूध मोजून दिलं तरी वर धार सोडणारच. तिच्या सासूबाई रोज करवादायच्या, "अगं, जरा हात आवर. घर धुऊन निघेल."

पूर्वी आमच्याकडे बागा उदंड, पण जर्दाळू पिकायचे ते सगळे एकदम. खपले तेवढे खपले, उरलेले गुरांपुढे. मग कारखाना निघाला, पाकातले जर्दाळू डब्यात बंद व्हायला लागले आणि आत्या कामाला लागली. तेव्हाचा मुकादम बोटभर जागा सोडायला सांगायचा. आत्या म्हणायची, "अर्धवट द्यायला आपण काय भिकेला लागलोय?" त्याची पाठ वळली की ती डबा शिगोशीग भरायची. तिचं बघून सगळी ओळ तेच करायची.

कारखान्यातून घरी न्यायला मिळालेला पहिला डबा तिने सासूबाईंना दिला. झाकण फुगलेलं. आत्याला वाटलं, वा, काय ठासून भरलाय! म्हातारीने पाकासकट चाटूनपुसून फस्त केला.

दुसऱ्या दिवशी बघतात तर गोदामातली सगळी रास फुगलेली. तपासनिसाचा चेहरा उतरला. "फुगलेल्या डब्यात विष असू शकतं. कुणी खाल्लं नाही ना?"

आत्याच्या तोंडचं पाणीच पळालं. डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीसकट ती घरी धावली आणि सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेली. म्हातारी ठणठणीत होती, पण डॉक्टर सोडेनात; असल्या विषाने आधी नजर अंधुक होते, मग घास गिळवत नाही, म्हणाले. आत्या उशाशी बसून सारखी विचारायची, "नीट दिसतंय ना? गिळता येतंय ना?"

"तुझं तोंड बंद झालेलं तेवढं दिसत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी तपासनीस स्वतःच आला. "फळ अगदी चांगलं आहे हो! डबे नको इतके भरलेत. उकळताना आतल्या मालाला फुगायला जागाच उरली नाही." आत्या सासूबाईंच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. हुश्श! सुटलो बाई!

घरी येऊन तिने चहा केला. सासूबाईंचा कप तिने वर बोटभर जागा सोडून पुढे ठेवला.

म्हातारीने कपात बघितलं, मग सुनेकडे.

"भर की पुरता," ती म्हणाली. "मी काय डबा आहे?"