शेवटच्या कडव्यातलं नाव

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. केलंत कबूल? बरं. मग चहा खाली ठेवा, कारण मागं एकीनं हा किस्सा ऐकताना माझ्या नव्या चादरीवर गुळणी टाकली होती.

तर आमचा, म्हणजे माझाच, असा फजितवाडा झाला की इंदापूरच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत मी पुढं किती तरी दिवस तोंडाला पदर लावून जात होते. आणि घालत होते पंजाबी ड्रेस! म्हणजे बघा.

नुकतीच बी.ए. झाले होते. आमचं गाव सांगवी. बारामतीत तात्यांच्या जाहिरात सेंटरमध्ये मला चिकटवलं होतं. सेंटर म्हणजे काय, तर दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि रिक्षावर भोंगा लावून गावोगाव जाहिरात फिरवायची. भोंग्यातून काय बोलायचं ते लिहून, आवाज भरून देणं, हे माझं काम.

मी मुळात घाबरट. फोन वाजला तरी खुर्चीतून उडायची. आणि तात्या पहिल्याच दिवशी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पोरी, महिनाभर बघतो. तुझ्या जाहिरातीनं गिऱ्हाईक आलं तर कायम. न्हाय आलं तर सांगवीची एसटी हितनंच सुटती."

झालं! महिना संपत आला, आणि माझ्या जाहिरातींनी गिऱ्हाईक सोडा, माशीसुद्धा हलली नव्हती. शेवटचं काम हाती आलं ते सोपानरावांचं.

सोपानराव म्हणजे जेन्ट्स टेलर. इतके बारीक की गळ्यात टेप घातली की मफलर घातल्यासारखी वाटायची. तयार शर्टांच्या दुकानांनी त्यांचा धंदा पार बसवला होता. तरी हिंमत करून त्यांनी इंदापुरात 'नवरत्न टेलर्स' नावाचं नवं दुकान घेतलं होतं. रविवारी उद्घाटन. मला म्हणाले, "ताई, चार माणसं येतील असं काई तरी लिवा. न्हाय तर मी, माझी मंडळी आन् नारळ, तिघंच असू."

आता याला 'सुंदर शिलाई, माफक दर' लिहून कोण येणार होतं?

त्याच आठवड्यात माझा मामेभाऊ विकास पुण्याहून एक कॅसेट घेऊन आला होता. अमेरिकेतलं हिप-हॉप! गाणं म्हणावं तर चाल नाही, भाषण म्हणावं तर ठेका सुटत नाही. गडी नुसता बोलतोय, पण असा बोलतोय की आमचा टेपरेकॉर्डर टेबलावरून चालत कडेला आला! मला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं. (बी.ए. ला इंग्रजी होतं. त्याबद्दल नंतर बोलू. म्हणजे नकोच बोलू.) विकासनं थोडक्यात सांगितलं, "ताई, हा सगळ्यांना आव्हान देतोय. माझ्यासारखा कोणी नाही, असेल तर या समोर, असं."

आणि माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली! जाहिरात अशी पाहिजे! विनवणी नाही, आव्हान! कोपऱ्यात हात जोडून उभी राहणारी नाही, छाती काढून चालणारी!

रात्र कुठली, दुपारीच बसून लिहून टाकली. तिकडचा ढोल कुठून आणणार? हलगीवाला बोलावला. बबन, म्हणजे आमचा रिक्षावाला, त्याचा आवाज खर्जातला, म्हणून त्याला माइकपुढं उभा केला. ऐका:

"आलोय मी, आलोय मी, ऐका सारं गाव!
एकदा मला बघाल, तर इसराल दुसरं नाव!
कोण हाय रं जोडीला? बांधून या कंबर!
कुणी बी येऊ द्या समोर, माझा पयला नंबर!
रविवारी धा वाजता इंदापुरात या,
स्टँडामागच्या गल्लीत समोर उभं ऱ्हा!"

अशी चांगली पाच कडवी. मधे मधे हलगी. आणि दुकानाचं नाव? ते अगदी शेवटच्या कडव्यात, झोकात!

शेवटच्या का? अहो, माझ्या आजोबांची भीमगीतांची गायन पार्टी होती. लहानपणापासून बघत आलेय, कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. नाव आलं की मंडळी माना डोलवतात, पेटीवर रुपया येतो. नाव आधी सांगून टाकलं तर गाण्यात राहिलं काय? तेव्हा अमेरिकेचा ठेका आणि आजोबांची रीत, असा माझा संगम!

तात्यांनी ऐकून सुपारी थुंकली. "काय कळलं न्हाय, पर अंगावर काटा आला. जाऊ द्या."

गेली रिक्षा. कळस, वरकुटे, सगळीकडं.

शनिवारी बबन उड्या मारत आला. "मॅडम, लई गाजली! कळसमधी माणसं जेवणावरनं उठून रिक्षामागं पळत होती. इचारत होती, वजन किती?"

"कशाचं वजन?"

"ते काय म्या इचारलं न्हाय. म्हणलं, रविवारी या, समक्ष बघा."

मला वाटलं, कापडाचं असेल. शिंपी काय कापड किलोवर विकतो का, हा प्रश्न मला का पडला नाही, ते विचारू नका.

तेवढ्यात फोन. मी उडाले. पलीकडून जाड आवाज. "वरकुट्याहून बोलतोय. ते रविवारचं. इनाम काय?"

"पहिल्या येणाऱ्याला शर्टपीस," मी म्हटलं.

"नुसता शर्टपीस? फेटा न्हाय?"

"फे... फेटा आम्ही शिवत नाही."

"बरं, बरं," आवाज जरा नाराज झाला. "आमी इनामासाठी येत न्हाय म्हणा. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

शर्ट शिवण्यात गावाची इज्जत? पण मी म्हटलं, बघा, याला म्हणतात जाहिरात!

रविवारी तात्या आणि मी इंदापुरात हजर. दुकानाला झेंडूची माळ. सोपानराव इस्त्रीच्या कपड्यात, गळ्यात टेप, हातात नारळ. दहा वाजत आले तरी गल्लीत चिटपाखरू नाही. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग एसटी स्टँडाकडं बघितलं.

आणि लांबून हलगी ऐकू आली.

"आलं! गिऱ्हाईक आलं!" मी टाळ्या वाजवल्या.

गिऱ्हाईक कळसच्या टेम्पोत उभं राहून आलं. एकेकाचा दंड म्हणजे सोपानरावांची कंबर. कान मोडलेले, डोक्याला फेटे, अंगाला तांबडी माती. मागं दुसरा टेम्पो, वरकुट्याचा. पुढं पांढऱ्या मिशांचे एक वस्ताद, सगळे त्यांना आबा म्हणत होते. शेजारी त्यांचा पट्ठ्या, संपत. संपत दारात उभा राहिला आणि दुकानात अंधार झाला.

"कुठाय त्यो?" आबांनी विचारलं.

"को... कोण?" सोपानराव.

"ज्याला तालुक्यात जोड न्हाय, त्यो!"

सोपानरावांनी नारळ छातीशी धरला. "तसं जाहिरातीत म्हणलंय खरं. म्हंजी... मीच."

मग मागून कुणी तरी म्हणालं, "आबा, ह्येला उचलायचा का नुसता फुंकून उडवायचा?"

तेव्हा मला सगळं दिसलं, हो! जत्रांचा हंगाम. हलगी. जोड. इंदापूर, रविवार, दहा वाजता. कुस्तीचं आव्हान असंच तर भोंग्यावर फिरतं! आणि धावत्या रिक्षातून माणसाला ऐकू येणार किती? पहिली दोन-तीन कडवी. शेवटच्या कडव्यापर्यंत बबन गावाबाहेर! 'नवरत्न टेलर्स' हे नाव ऐकलं कुणी, तर ते रस्त्याकडेच्या उसानं.

मी काय केलं? धैर्यानं पुढं झाले? छे! ट्रायल रूमच्या पडद्यामागं गेले.

"आखाडा कुठाय? माती कुठाय?" बाहेर कल्ला वाढला. "आमाला खुळ्यात काढलं व्हय?"

तात्यांनी एका क्षणात माझा बळी दिला. "आमचा काय संबंध न्हाय, आबा! ते ह्या मॅडमनी लिवलंय!"

"कुठल्या मॅडम?"

मी खाली बघितलं. पडदा गुडघ्यापर्यंतच होता.

"बाई, भाईर या," आबा म्हणाले. "चपला दिसत्यात."

आले बाहेर. "आबा, ते... अमेरिकेत असं करतात."

"काय करत्यात?"

"गाण्यात आव्हान देतात एकमेकांना. माझ्यासारखा कोणी नाही, समोर या, असं."

"आन् मग कुस्ती?"

"नाही. नुसतं बोलतात."

"नुसतंच?" आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आन् मग काय व्हतं?"

"मग लोक... टाळ्या वाजवतात."

मी मनात सांगवीच्या एसटीत बसले सुद्धा. आणि आबांच्या पोटातून असं हसू आलं की झेंडूची माळ हलली. "संपत, ऐकलंस का? माती न्हाय, घाम न्हाय, नुसती बडबड आन् वर टाळ्या! आपण उगं जोर काढत बसलो, लेका!"

सगळी गल्ली हसली. संपत मात्र हसला नाही. लाजून, अगदी हळू म्हणाला, "आबा, आलोच हाय तर... मापं दिऊ का? तयार शर्टाचं वरचं बटण मला जल्मात लागलं न्हाय."

अहो, पैलवानाच्या गळ्याचा शर्ट कुठल्या दुकानात तयार मिळणार? सोपानरावांच्या डोळ्यांत चमक आली. टेप उलगडून संपतभोवती अशी फेरी मारली, जशी वडाला बाया दोरा गुंडाळतात. छाती मोजायला स्टूल लागलं. मग संपतमागं दुसरा, दुसऱ्यामागं वरकुट्याचे. गल्लीच्या तोंडापर्यंत रांग! नारळ फोडायचा राहिला, तो आबांनी मुठीनं फोडला.

हुश्श! मी पायरीवर बसले ती उठलेच नाही. तात्यांनी स्वतः चहा आणून दिला. "कायम," म्हणाले. "पर ते नाव जरा वर घे, बाई. पुढच्या बारीला वाघ घेऊन येतील."

संध्याकाळी एसटीडी बूथवरून विकासला फोन लावला. जय भीम झालं, आणि म्हटलं, "खरं सांग, त्या कॅसेटमधला गडी दर कडव्याला एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो ना, मी मान डोलावते तिथं? मला वाटतं जगण्याचं काही तरी खोल तत्त्वज्ञान असावं. काय आहे ते?"

विकास म्हणाला, "ताई, ते त्याचं नाव आहे."

"दर कडव्यात?"

"सुरुवातीलाच. मग दर कडव्यात. दम घ्यायला थांबला तरी नाव घेतो, पुन्हा सुरू करतो तरी नाव घेतो. तू जाहिरात त्याच्यावरूनच केलीस ना?"

मी फोन ठेवला.

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की केली. आव्हान द्या, ठेका धरा, छाती काढा, पण आधी नाव! मग पुन्हा नाव! ऐकणारा बसलेला नसतो, आणि रिक्षा थांबत नसते. आता माझी एकही जाहिरात नावावाचून सुरू होत नाही. इतके धडे घेतल्यावर ती चूक माझ्याकडून होईल? शक्यच नाही!

काय म्हणालात? किस्सा छान, पण सांगणारीचं नाव काय?

अगंबाई! थांबा, उठू नका! बबन, रिक्षा मागं घे!